प्लास्टिकचा भाग किती आकसेल, कुठे वाकेल: सिम्युलेशनसाठी मटेरियलचे गुणधर्म मोजण्याची पद्धत

इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने मोल्डमध्ये (साच्यात) भरून भाग बनवण्याचे, संगणकावरचे सिम्युलेशन मोल्डमधली पोकळी कोणत्या क्रमाने भरेल, वेल्ड लाइन (प्लास्टिकचे दोन प्रवाह भेटतात ती रेघ) कुठे येईल, हवा कुठे अडकेल हे बहुतेक वेळा बरोबर सांगते. ते चुकते पुढच्या प्रश्नावर: भाग मोल्डमधून बाहेर पडून गार झाल्यावर किती आकसेल आणि कोणत्या बाजूला वाकेल? उत्तर चुकले की पहिला संशय मेशवर (गणितासाठी भागाचे पाडलेले लहान तुकडे) जातो, दुसरा कूलिंग लाइनवर, आणि मटेरियलच्या आकड्यांकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते. हा क्रम उलटा असायला हवा असे माझे ठाम मत आहे, आणि संकोचनाच्या गणितात लहानशी चूक कशी फुगते हे एकदा हाताने करून पाहिले की ते पटते.

असे समजू या की गेट, म्हणजे पोकळीत प्लास्टिक शिरण्याचे तोंड, गोठण्याच्या क्षणी पोकळीतल्या प्लास्टिकचे विशिष्ट आकारमान, म्हणजे एक ग्रॅम पदार्थाने व्यापलेली जागा, ०.९७५ घन सेंटिमीटर आहे आणि खोलीच्या तापमानाला ते ०.९५५ होते. आकारमानातले संकोचन साधारण २.०५ टक्के आले, आणि ते तिन्ही दिशांना सारखे वाटले गेले असे धरले तर लांबीतले संकोचन ०.६८ टक्के. आता पहिला आकडा मोजताना फक्त १ टक्क्याची चूक होऊन तो ०.९८५ नोंदला गेला, तर लांबीतले संकोचन १ टक्क्याच्या वर जाते. २०० मिलिमीटर लांबीच्या भागात हा फरक सुमारे ०.६६ मिलिमीटर भरतो. जवळजवळ सारख्या असलेल्या दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढायची असल्यामुळे असे घडते.

वाकण्याचे गणित याहूनही नाजूक असते. भाग सगळीकडे सारखाच आकसला तर तो फक्त लहान होतो. वाकतो तो आकसण्यातल्या फरकामुळे. १०० मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशा सपाट पट्टीचा एक पृष्ठभाग दुसऱ्यापेक्षा अवघा ०.१ टक्का जास्त आकसला, तर पट्टीचा मध्य दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून ०.६ मिलिमीटरहून जास्त उचलला जातो. म्हणून चाचण्यांची आखणी करताना आधी स्वतःला विचारावे की आपल्या मटेरियलमध्ये हा फरक मुख्यतः कशामुळे पडतो.

पॉलिकार्बोनेट किंवा एबीएससारख्या अस्फटिकी प्लास्टिकमध्ये तो मुख्यतः दाबातल्या आणि गार होण्यातल्या फरकामुळे पडतो, त्यामुळे दाब, आकारमान आणि तापमान यांच्या नात्याची मोजणी पहिली. पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, अॅसिटल, पीबीटी ही अर्धस्फटिकी प्लास्टिके गोठताना स्फटिक बनवतात आणि किती स्फटिक बनतील हे गार होण्याच्या वेगावर ठरते, त्यामुळे तिथे गोठण्याचे तापमान आणि त्यावर वेगाचा होणारा परिणाम पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. काचतंतू घातलेल्या मटेरियलमध्ये मात्र तंतूंची दिशा सगळ्यांवर मात करते. प्रवाहाच्या दिशेला तंतू आकसू देत नाहीत, आडव्या दिशेला अडवणारे फारसे कोणी नसते, आणि वाकडेपणा बहुतांशी तिथूनच येतो. अशा ग्रेडसाठी दिशेनुसार मोजलेले प्रसरणांक आणि ताठरता हेच सर्वांत मोलाचे आकडे असतात.

दाणे, त्यांचा लॉट आणि वाळवणे

चाचणीसाठी पाठवायचे दाणे प्रत्यक्ष उत्पादनात वापरायच्या ग्रेडचे आणि त्याच रंगाचे असावेत. रंगाची बाब किरकोळ वाटते, पण काही रंगद्रव्ये अर्धस्फटिकी प्लास्टिकमध्ये स्फटिकांची बीजे ठरतात, गोठण्याचे तापमान वर सरकवतात आणि त्याबरोबर संकोचनही बदलते. त्यामुळे नैसर्गिक रंगाच्या दाण्यांवर मोजलेले आकडे निळ्या किंवा हिरव्या भागासाठी वापरताना ही शंका मनात ठेवावीच. मोल्डिंगमध्ये रीग्राइंड (टाकाऊ भाग दळून परत वापरलेले प्लास्टिक) मिसळणार असाल तर त्याच प्रमाणात मिसळलेला नमुना द्यावा, आणि लॉट क्रमांक प्रत्येक अहवालावर लिहून घ्यावा.

वाळवण्यात हयगय झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. पॉलिकार्बोनेट साधारणपणे १२० अंश सेल्सिअसला ३ ते ४ तास वाळवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो; नायलॉन ६६ साठी साधारण ८० अंश आणि ०.२ टक्क्यांखालचा ओलावा चालतो. ड्रायरचे घड्याळ पाहून समाधान न मानता कार्ल फिशर पद्धतीने, म्हणजे आयएसओ १५५१२ प्रमाणे, ओलावा प्रत्यक्ष मोजावा. ओल्या पॉलिकार्बोनेटच्या किंवा पीईटीच्या साखळ्या वितळलेल्या अवस्थेत पाण्याने तुटतात, रस पातळ होतो, आणि यंत्रावर दिसणारी श्यानता (प्रवाहाला होणारा रसाचा विरोध) मटेरियलची खरी श्यानता राहत नाही.

दाब, आकारमान आणि तापमान

पीव्हीटी या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी संकोचनाच्या अंदाजाचा पाया आहे. तिचा मानक आयएसओ १७७४४ आहे, आणि दाब साधारणपणे वातावरणाच्या दाबापासून २०० मेगापास्कलपर्यंत घेतला जातो. आपला पॅकिंग प्रेशर (पोकळी भरल्यावर आणखी प्लास्टिक आत रेटणारा दाब) कितीही असला तरी नोझलजवळचा सर्वोच्च दाब या कक्षेत यायला हवा, कारण कक्षेबाहेर गेलेले सॉफ्टवेअर समीकरण पुढे ताणते आणि तसे केल्याचे सांगत नाही.

यंत्रे दोन प्रकारची असतात. पहिल्यात नमुना घट्ट सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनने दाबतात आणि पिस्टन किती सरकला यावरून आकारमान काढतात. वितळलेल्या रसासाठी ही पद्धत सोयीची आहे, पण प्लास्टिक घट्ट झाल्यावर ते सिलिंडरच्या भिंतीला चिकटते, दाब सगळीकडे सारखा पसरत नाही, आणि घन अवस्थेतले आकडे त्यामुळे संशयास्पद होतात. दुसऱ्या प्रकारात नमुना पारा किंवा सिलिकोन तेल अशा द्रवात बुडवून द्रवावर दाब देतात. इथे दाब सर्व बाजूंनी सारखा असतो, मात्र यंत्र आकारमानातला फक्त बदल सांगते, मूळ आकारमान सांगत नाही. ते आयएसओ ११८३ प्रमाणे घनता मोजून वेगळे द्यावे लागते, आणि ही घनता चुकली तर संपूर्ण आलेख वर किंवा खाली सरकतो. वर केलेली वजाबाकी आठवली तर याचे महत्त्व कळेल.

अर्धस्फटिकी मटेरियलसाठी प्रयोगशाळेला स्पष्ट सांगावे की मोजणी दाब कायम ठेवून आणि तापमान उतरवत करावी. तापमान चढवत नेलेल्या मोजणीत प्लास्टिक वितळताना दिसते, गोठताना नव्हे, आणि ही दोन तापमाने एक नसतात. पॉलिप्रॉपिलीन तापवताना १६५ अंशांच्या आसपास वितळते, पण डीएससीमध्ये (नमुना तापवताना-गार करताना शोषलेली वा सोडलेली उष्णता मोजणारे यंत्र) मिनिटाला २० अंश या वेगाने गार केल्यास त्याचे स्फटिकीकरण ११० ते १२० अंशांच्या आसपास होते. बीजद्रव्य घातलेल्या ग्रेडमध्ये त्याहून वर. चढत्या तापमानाचा आलेख सॉफ्टवेअरला दिला, तर ते भाग खूप आधी गोठला असे मानते आणि पॅकिंगचा शेवटचा, सर्वांत उपयोगी भाग हिशोबातून गळतो.

बहुतेक सॉफ्टवेअर हे आकडे द्विक्षेत्री टेट समीकरणात बसवतात. त्यात १३ सहगुणक असतात: ४ वितळलेल्या अवस्थेचे, ४ घन अवस्थेचे, आणि उरलेले ५ त्या दोहोंमधल्या संक्रमणाचे. समीकरणातला ०.०८९४ हा स्थिरांक सर्व मटेरियलसाठी एकच असतो. अहवाल हाती आला की सहगुणकांवर लगेच विश्वास न ठेवता दोन तपासण्या स्वतः कराव्यात. पहिली, २३ अंश आणि वातावरणाचा दाब घालून समीकरणातून विशिष्ट आकारमान काढावे आणि ते मोल्ड केलेल्या तुकड्याच्या मोजलेल्या घनतेच्या व्यस्ताशी जुळते का ते पाहावे. मी अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक मान्य करत नाही. दुसरी, मोजलेले बिंदू आणि समीकरणाची वक्ररेषा एकाच आलेखावर काढून संक्रमणाच्या जागेकडे नीट पाहावे. अर्धस्फटिकी मटेरियलमध्ये वक्ररेषा तिथे उडी मारते आणि खरे बिंदू उतारावर पसरलेले असतात; हा उतार रुंद असेल तर ग्रेड हळूहळू गोठते हे लक्षात घ्यावे.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. पीव्हीटीच्या यंत्रात प्लास्टिक मिनिटाला काही अंशांच्या वेगाने गार होते, आणि मोल्डच्या पोलादाला चिकटलेला थर सेकंदाला कित्येक अंशांनी. वेग वाढला की स्फटिकीकरण खालच्या तापमानाला सरकते आणि स्फटिकांचे प्रमाण घटते. म्हणून अर्धस्फटिकी मटेरियलसाठी डीएससीवर किमान तीन वेगांनी गार करून गोठण्याचे तापमान मोजावे. सॉफ्टवेअर स्फटिकीकरणाची गती हिशोबात घेत असेल तर हे आकडे थेट कामी येतात. नसेल तर संक्रमणाचे तापमान किती खाली आणणे समर्थनीय आहे याचा निदान अंदाज मिळतो.

उष्णतेचे गुणधर्म

विशिष्ट उष्णता डीएससीवर आयएसओ ११३५७-४ किंवा एएसटीएम ई१२६९ प्रमाणे मोजतात. तुलनेसाठी नीलमणी वापरतात, नमुना काही मिलिग्रॅमचा असतो, आणि तो यंत्रातल्या छोट्या तव्याच्या तळाशी सपाट बसला नाही तर आकडा चुकतो. इथेही उतरत्या तापमानाची मोजणी मागावी. उष्णतावाहकतेसाठी एएसटीएम डी५९३० ची सुईसारखी प्रोब किंवा आयएसओ २२००७-२ ची सपाट चकती वापरतात. भराव नसलेल्या प्लास्टिकमध्ये ही वाहकता मीटर आणि अंशामागे साधारण ०.१५ ते ०.३ वॅट असते, आणि ती वितळलेल्या तसेच घन अशा दोन्ही अवस्थांत मोजलेली असावी. गोठण्याला लागणारा वेळ वाहकतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ती १० टक्के चुकली तर गेट गोठण्याची वेळही जवळपास तेवढीच चुकते, आणि पॅकिंग किती वेळ प्रत्यक्ष पोचते याचा हिशोब बिघडतो.

श्यानता

संकोचनाच्या कामात श्यानतेचे महत्त्व अप्रत्यक्ष आहे: गेटपासून दूरच्या टोकाला पॅकिंगचा दाब किती पोचतो हे ती ठरवते. मेल्ट फ्लो इंडेक्स हा एकाच, फार मंद प्रवाहाचा आकडा असल्यामुळे तो इथे पुरत नाही. केशनळीचे ऱ्हिओमीटर वापरून, आयएसओ ११४४३ प्रमाणे, प्रक्रियेच्या कक्षेतल्या किमान तीन तापमानांना, सेकंदाला सुमारे १० पासून १०,००० पर्यंतच्या कर्तनदरांवर (रसाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात त्याचे माप) मोजणी घ्यावी. नळीच्या तोंडाशी होणाऱ्या दाबघटीसाठी बॅग्ले दुरुस्ती आणि प्रवाहाच्या आकारासाठी राबिनोविच दुरुस्ती केली आहे का हे अहवालात लिहिलेले असावे. दुरुस्ती न केलेला आकडा क्रॉस-डब्ल्यूएलएफ समीकरणात (श्यानतेचे कर्तनदराशी आणि तापमानाशी नाते सांगणारे) बसवला, तर दाबाचा अंदाज चुकीच्या पायावर उभा राहतो.

शक्य असल्यास ही चाचणी चालू असताना स्वतः तिथे उभे राहावे. नळीतून उतरणाऱ्या धाग्याकडे पाहिले की आकड्यांच्या आधी बरेच काही कळते. धागा गुळगुळीत आणि एकसारखा जाड असेल तर ठीक. त्यात बारीक बुडबुडे किंवा चंदेरी रेघा दिसल्या तर दाणे ओले आहेत. पृष्ठभाग खरबरीत किंवा पिळल्यासारखा झाला तर कर्तनदर फार वर गेला आहे आणि त्यापुढचे बिंदू गाळावेत. शेवटचा बिंदू घेतल्यावर पहिल्या कर्तनदरावर परत येऊन तोच आकडा मिळतो का ते पाहावे. तो खाली आला असेल तर प्लास्टिक बॅरलमध्ये थांबून थांबून खराब झाले आहे.

पातळ भिंतीच्या भागांसाठी दाबाने श्यानता किती वाढते हेही मोजून घ्यावे. बहुतेक मटेरियल कार्डांत (सॉफ्टवेअरमधल्या मटेरियलच्या आकड्यांच्या नोंदींत) तो सहगुणक शून्य ठेवलेला असतो, आणि मग दूरच्या टोकाला पोचणारा दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

ताठरता आणि प्रसरण, दोन्ही दिशांना

इथे सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे प्रमाणित ताण-पट्टीवर मोजलेली ताठरता सरसकट वापरणे. त्या अरुंद पट्टीत जवळजवळ सगळे तंतू लांबीच्या दिशेने लागलेले असतात, म्हणून तिचा आकडा प्रत्यक्ष भिंतीपेक्षा फुगलेला असतो. त्याऐवजी आपल्या भागाच्या जाडीच्या जवळपास असलेली सपाट प्लेट पूर्ण रुंदीच्या गेटमधून मोल्ड करावी, तिच्यातून मिलिंगने प्रवाहाच्या दिशेला आणि त्याला काटकोनात लहान ताण-पट्ट्या कापाव्यात, आणि आयएसओ ५२७ प्रमाणे दोन्ही दिशांची ताठरता व प्वासाँ गुणोत्तर (लांबीला ताणल्यावर रुंदी किती घटते याचे प्रमाण) मोजावे. कापताना पट्टी गरम होऊ देऊ नये आणि कडेची काही मिलिमीटरची पट्टी टाकून द्यावी, कारण तिथे तंतूंची मांडणी वेगळी असते.

त्याच प्लेटमधून लहान तुकडे कापून टीएमए यंत्रावर (तापमानानुसार लांबीतला बदल मोजणारे), आयएसओ ११३५९-२ प्रमाणे, दोन्ही दिशांचा रेखीय प्रसरणांक मोजावा. तापमानाची कक्षा खोलीपासून भाग मोल्डमधून बाहेर पडतो त्या तापमानापर्यंत असावी, कारण बाहेर पडल्यानंतरचे आकसणे याच आकड्याने ठरते. पहिल्या तापवण्यात नमुन्यातले साठलेले ताण सुटतात आणि आकडा त्यात मिसळतो. म्हणून दुसऱ्या तापवण्याचा आकडा मागावा, पण पहिल्याचा आलेखही ठेवावा, कारण ताण किती होते हे त्यातच दिसते.

तंतूंची लांबी दाण्यांत नव्हे, मोल्ड केलेल्या प्लेटमध्ये मोजावी. स्क्रू, नोझल आणि गेटमधून जाताना तंतू तुटतात आणि दाण्यांतली लांबी शिल्लक राहत नाही. प्लेटचा तुकडा भट्टीत जाळून उरलेल्या काचेचे वजन आणि लांबी दोन्ही घ्यावी.

प्लेटवर प्रत्यक्ष संकोचन मोजणे

वरचे सगळे आकडे बरोबर असले तरी सॉफ्टवेअरने काढलेले संकोचन प्रत्यक्षाशी एकदा ताडून पाहावेच लागते. त्यासाठीचा मानक आयएसओ २९४-४ आहे, आणि त्यासाठी ६० बाय ६० मिलिमीटर आकाराची, २ मिलिमीटर जाडीची प्लेट पोकळीतल्या दाबाच्या सेन्सरसह मोल्ड करतात. पोकळीची मापे आणि प्लेटची मापे दोन्ही २३ अंशांना घ्यायची. मोल्डिंगनंतर १६ ते २४ तासांच्या आत प्लेट मोजायची. आणि पोकळीच्या लांबीतून प्लेटची लांबी वजा करून त्या फरकाला पोकळीच्या लांबीने भागायचे. हे प्रवाहाच्या दिशेला आणि आडवे, असे दोन वेळा करायचे.

मोजणीचे साधन निवडताना हिशोब करावा. ६० मिलिमीटरवर ०.१ टक्का म्हणजे ०.०६ मिलिमीटर, आणि हातातल्या कॅलिपरची खात्री त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. तिथे मापनाची चूकच वाकण्याइतकी मोठी ठरते. पोकळीच्या पृष्ठभागावर कोरलेल्या बारीक रेघा प्लेटवर उमटवून त्यांच्यातले अंतर मापन-सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे हा यावरचा चांगला उपाय आहे. प्लेट वाकलेली असेल तर तिच्यावर काच ठेवून ती हलकेच सपाट करावी.

एकाच सेटिंगवर मोजून थांबू नये. पॅकिंग प्रेशरच्या निदान तीन पातळ्या, वितळ तापमान आणि मोल्ड तापमान यांच्या दोन-दोन, आणि जमल्यास प्लेटच्या दोन जाड्या घ्याव्यात. वितळ तापमान बॅरलच्या सेटिंगवरून न लिहिता हवेत काढलेल्या रसात प्रोब खुपसून मोजावे. नायलॉनच्या प्लेट लगेच ओलावाशोषक घातलेल्या बंद पिशवीत ठेवाव्यात, कारण ओलावा शोषून त्या फुगतात आणि संकोचन कमी दिसते. पॉलिप्रॉपिलीन आणि अॅसिटल २४ तासांनंतरही आकसत राहतात. भाग उष्ण जागी वापरायचा असेल तर उष्ण कपाटात ठेवून नंतरचे संकोचनही नोंदवावे. मोल्डफ्लो या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त केलेल्या अवशिष्ट ताणाच्या पद्धतीत सहगुणक अशाच प्लेटच्या मोजमापांवरून बसवलेले असतात, आणि त्या पद्धतीचा आधार घेताना आपल्या भागाची जाडी व दाब त्या प्लेटच्या कक्षेत येतात का हे पाहणे आवश्यक आहे.

जुळवणी कोणत्या क्रमाने करावी

पहिल्यांदा प्लेटचेच सिम्युलेशन करावे, भागाचे नव्हे. सेन्सरवरचा दाब आणि सॉफ्टवेअरचा दाब जुळतो का ते पाहावे. तो जुळत नसेल तर श्यानतेकडे आणि वितळ तापमानाकडे परतावे. दाब जुळल्यावर प्लेटचे वजन ताडावे, कारण गोठतानाचे आकारमान बरोबर असेल तरच वजन बरोबर येते. मग संकोचनाचा आलेख पॅकिंग प्रेशरसमोर काढावा. दाब वाढवल्यावर संकोचन ज्या उताराने घटते तो उतार चुकला असेल, तर दोष पीव्हीटीतल्या संपीड्यतेत (दाबाने आकारमान किती घटते) किंवा गोठण्याच्या तापमानात शोधावा. उतार बरोबर पण सगळ्या रेषा सारख्याच अंतराने सरकल्या असतील, तर खोलीच्या तापमानाची घनता किंवा पोकळीचे माप तपासावे. प्रवाहाच्या दिशेचे आणि आडवे संकोचन यांच्यातला फरकच चुकला असेल, तर तंतूंच्या दिशेच्या मॉडेलचे आकडे आणि दिशेनुसारचे प्रसरणांक दोन्ही पुन्हा पाहावेत. जुळत नाही म्हणून एखादा सहगुणक मनाने हलवून रेषा बसवण्याचा मोह टाळावा. ती प्लेट बसेल, पण पुढचा भाग पुन्हा चुकीच्या बाजूला वाकेल, आणि कशामुळे वाकला हे मग कोणालाच सांगता येणार नाही.

प्लेट जुळल्यानंतरच खऱ्या भागाकडे वळावे. तो क्लॅम्पने दाबून मोजू नये. तीन बिंदूंवर मोकळा ठेवून मोजावा, आणि सॉफ्टवेअरमध्येही तेच तीन बिंदू संदर्भ म्हणून घ्यावेत. संदर्भ-बिंदू वेगळे घेतले तर एकाच भागाचे दोन वाकडेपणे समोर येतात आणि त्यांची तुलना करता येत नाही. भाग बाहेर काढल्यापासून मोजेपर्यंतचा काळ प्रत्येक वेळी सारखा ठेवावा आणि तो आकड्यांशेजारी लिहावा.